जुन्या ट्रॅक्टरला ऑल्टरनेटर आणि नवी बॅटरी कशी बसवावी

1963 साली अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या भागीदारीतून सुरू झालेल्या महिंद्राच्या ट्रॅक्टर कंपनीचे बी-275 ट्रॅक्टर अजूनही वसई-पालघर-कर्जतच्या वाड्यांवर उभे दिसतात. इंजिन ठणठणीत असतं, दगा देते ती वीज. मालक मुंबईत, ट्रॅक्टर वाडीवर. महिनाभराने जाऊन सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) मारला की नुसतं ‘टक्’ वाजतं. मग नवी बॅटरी येते आणि वर्षभरात तीही बसते, कारण बहुतेक वेळा दोष बॅटरीचा नसतोच. इंजिनच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणारा जुना डायनॅमो फार तर वीस-बावीस अँपिअर देतो आणि इंजिन मंद असताना जवळजवळ काहीच देत नाही. त्यातलंही थोडं गंजलेल्या अर्थिंगमध्ये, म्हणजे बॅटरी आणि चासी यांच्या जोडात, अडकतं. म्हणून आधी अर्थिंग, मग डायनॅमोच्या जागी ऑल्टरनेटर आणि सगळ्यात शेवटी बॅटरी.

आधी मोजा

लॅमिंग्टन रोडवर मिळणारा साधा डिजिटल मल्टिमीटर या कामाला पुरतो. रात्रभर स्वस्थ राहिलेली पूर्ण चार्ज बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, 12.2 म्हणजे अर्धी रिकामी. सेल्फ मारताना आकडा 9.6 च्या खाली जाऊ नये. आता मीटरची एक पिन अर्थला जोडलेल्या बॅटरीच्या खांबावर (क्लॅम्पवर नव्हे, थेट शिशावर) आणि दुसरी सेल्फच्या बॉडीवर धरून सेल्फ मारा. 0.3 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब आहे, आणि नवी बॅटरी घालून ते सुधारणार नाही.

अर्थिंग

अर्थची पट्टी चासीला जिथे बोल्टने आवळलेली असते तो बोल्ट काढून बघा. वॉशरखाली रंगाचे दोन-तीन थर, त्याखाली तपकिरी गंज आणि कडेला हिरवट पावडर सापडेल. सेल्फ ओढतो ते शेकडो अँपिअर या जागेतून जायचे असतात! वायर ब्रश आणि पॉलिश पेपरने नव्या नाण्यासारखं चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा. पट्टी नवीन घ्या: तांब्याची, किमान 35 स्क्वेअर एमएम, दोन्ही टोकांना दाबून बसवलेली लग्ज (बोल्टसाठी भोक असलेली धातूची टोकं). ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. बोल्ट आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा. आधी लावून मग आवळू नका.

पॉझिटिव्ह अर्थ आहे का?

त्या काळच्या ब्रिटिश घडणीच्या कित्येक ट्रॅक्टरांत बॅटरीचा प्लस चासीला जोडलेला असतो. ऑल्टरनेटर मायनस अर्थचा असतो. उलट्या बॅटरीवर तो जोडला तर त्यातले डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) त्याच क्षणी जळतात. तेव्हा बॅटरीची जोडणी उलटी करावी लागेल. सेल्फला फरक पडत नाही, तो त्याच दिशेने फिरतो. अँपिअर मीटर ठेवणार असाल तर त्याच्या दोन वायरी मात्र अदलाबदल करा.

ऑल्टरनेटर बसवणे

35 ते 45 अँपिअरचा, आत रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) असलेला 12 व्होल्टचा ऑल्टरनेटर पुरे. जुना घेत असाल तर दुकानातच पुली हाताने फिरवा. बेअरिंग घरघरलं तर परत ठेवा. डायनॅमो लांबट आणि ऑल्टरनेटर आखूड असतो, त्यामुळे ब्रॅकेटमध्ये बुश किंवा जाड वॉशर घालावे लागतात. क्रँक पुली आणि ऑल्टरनेटरच्या पुलीवर सरळ पट्टी टेकवून दोन्ही एका रेषेत आणा. पट्टा पुलीच्या बाजूंवर बसला पाहिजे, तळाला टेकला तर घसरणार. सर्वांत लांब टप्प्याच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यावर तो 10-12 मिमी दबावा. याहून घट्ट केला तर बेअरिंग जातं.

वायरिंग

काम सुरू करताना बॅटरीचा अर्थ आधी सोडा आणि शेवटी जोडा. डायनॅमोसोबतचा कटाऊट (बॅटरीची वीज उलटी डायनॅमोत जाऊ न देणारी पेटी) आता लागत नाही. त्याच्या ए आणि ए1 टर्मिनलच्या वायरी एकत्र जोडा म्हणजे दिवे आणि स्विच चालू राहतील. डायनॅमोच्या डी आणि एफ वायरी काढून टाका. कापडी इन्सुलेशन बोटाने चुरगळतं, ते पुन्हा वापरू नका.

ऑल्टरनेटरच्या मोठ्या बी-प्लस बोल्टपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत 10 स्क्वेअर एमएमची नवी वायर टाका आणि बॅटरीजवळ 60 अँपिअरचा फ्यूज घाला. जुन्या अँपिअर मीटरमधून ही वायर नेऊ नका. तो वीस-तीस अँपिअरचा असतो, आतून तापून जळतो. त्याऐवजी व्होल्टमीटर लावा.

आता चार्जिंग दाखवणारा लाल दिवा, इथेच सर्वाधिक लोक चुकतात. स्विचमधून प्लस, मग 2 ते 3 वॉटचा बल्ब आणि तिथून ऑल्टरनेटरचं छोटं टर्मिनल. स्विच चालू केल्यावर या बल्बमधून जाणारा थोडासा करंटच आत फिरणाऱ्या रोटरला चुंबक बनवतो. चार्जिंग सुरू झालं की बल्बच्या दोन्ही टोकांना सारखेच व्होल्ट येतात आणि तो विझतो. बल्बच्या जागी एलईडी लावला तर करंट पुरत नाही आणि ऑल्टरनेटर उठतच नाही.

पेट्रोल इंजिन असेल तर याच वायरीत एक डायोड घाला, नाहीतर स्विच बंद केल्यावरही इग्निशनला उलटा पुरवठा मिळून इंजिन चालू राहू शकतं. 6 व्होल्टचा जुना ट्रॅक्टर 12 वर नेताना सगळे बल्ब आणि इग्निशन कॉइल बदला. जुना सेल्फ चालेल, पण एका दमात पाच सेकंदांपेक्षा जास्त मारू नका.

बॅटरी

पस्तीस हॉर्सपॉवरच्या डिझेलला 12 व्होल्ट, 80 ते 90 अँपिअर-अवर ठीक. बॅटरी ट्रेमध्ये रबरावर ठेवून क्लॅम्पने घट्ट आवळा. हादऱ्यांनी आतल्या प्लेटा झडतात. जुनी बॅटरी दुकानदाराला द्या, शिशाचे पैसे वजा होतात.

इंजिन मध्यम फेऱ्यांवर चालवून बॅटरीवर मोजा: 13.8 ते 14.4 व्होल्ट हवेत. 13.2 च्या खाली असेल तर पट्टा, बल्ब आणि छोट्या टर्मिनलची वायर तपासा. 14.8 च्या वर गेलं तर रेग्युलेटर गेलाय, पाणी उकळून प्लेटा उघड्या पडतील. दिवे लावून बी-प्लस बोल्ट आणि बॅटरीचा प्लस यांत 0.3 व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर मधला एखादा जोड सैल आहे.

खाऱ्या हवेत आणि पावसाळ्यात खांबांवर पांढरी-हिरवी बुरशी चढते. खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, सोडा झाकणातून आत जाऊ देऊ नका. आत फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, नळाचं नाही. ट्रॅक्टर महिनोन्‌महिने उभा राहणार असेल तर कट-ऑफ स्विच लावा. मात्र इंजिन चालू असताना तो कधीही बंद करू नका, व्होल्टेज एकदम उसळून डायोड उडतात. आणि ट्रॅक्टरवर वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरी व ऑल्टरनेटर, दोन्हींच्या वायरी सोडा.