लाकूड कापण्याआधी: जुन्या धाटणीच्या पीए स्पीकरची तयारी

प्लायचा पहिला तुकडा कापायच्या आधी ड्रायव्हर, म्हणजे पेटीत बसणारा आवाज काढणारा भाग, टेबलावर आलेला हवा. ‘सांगून ठेवलाय’, ‘येईल आठवड्यात’ हे धरायचं नाही. माझ्या पहिल्या जोडीला मी नेमकं उलटं केलं. पेट्या झाल्या, रंग झाला, लांबून पाहणारा फसावा अशा झाल्या, आणि मग पंधरा इंची म्हणून जो वूफर (खालचे सूर काढणारा ड्रायव्हर) स्वस्तात मिळाला तो आत ठोकला. त्यावर वॅट भरपूर लिहिले होते. वाजवल्यावर बास गिटारचा प्रत्येक सूर एकाच जागी घुमायला लागला आणि गाणाऱ्याचा आवाज मागच्या खोलीतून आल्यासारखा. पेटीचा त्यात काही दोष नव्हता. तिला वेगळाच प्राणी हवा होता.

म्हणून पहिलं काम कागदावरचं: नक्कल नेमकी कशाची करायची? पीएमध्ये, म्हणजे सभा-कार्यक्रमांच्या ध्वनियंत्रणेत, एकावर एक स्पीकर रचलेले उभे कॉलम येतात, बासचे मोठे भोंगे येतात, आणि अल्टेक कंपनीची ‘व्हॉइस ऑफ द थिएटर’ मालिकाही येते. ही मालिका १९४५ साली चित्रपटगृहांसाठी आली. पुढे तिच्यातली ए-सेव्हन ही धाकटी पेटी ठिकठिकाणच्या रंगमंचांवर पोचली. इथून पुढे मी तीच समोर ठेवून बोलतो: ४२ इंच उंच, ३० रुंद, २४ खोल, पुढे आखूड लाकडी भोंगा, खाली पोर्ट (हवेला बाहेर यायचं तोंड), वर धातूचा भोंगा. रेखाटनं सहज मिळतात. अवघड आहे ते आतलं.

त्या काळी अॅम्प्लिफायर जेमतेम काही डझन वॅटचे असायचे. तेवढ्यात सभागृह भरायचं, म्हणून कोन हलका, कडा कडक, चुंबक दांडगा. कोनाची हालचाल जेमतेम काही मिलिमीटर. आजचा स्वस्त पंधरा इंची बऱ्याचदा याच्या उलट असतो: जड कोन, लांब झोका, लहान चुंबक. दोघांचं माप एकच, पण जात वेगळी.

तेव्हा पर्यायी वूफर शोधताना वॅटचा आकडा झाकून ठेवा आणि चार आकडे वहीत उतरवा: एफएस (मोकळा कोन ज्या कंपनावर आपोआप सर्वांत जास्त हलतो ते, हर्ट्झमध्ये), क्यूटीएस (ते हलणं किती आवरलं जातं; आकडा लहान तितका आवर जास्त), व्हीएएस (सस्पेन्शनइतकीच लवचिक हवा किती लिटर) आणि संवेदनशीलता. या पेटीसाठी क्यूटीएस ०.२ ते ०.३५ च्या आसपास हवा. माझा तो फसलेला वूफर ०.६ च्या वर होता. संवेदनशीलता एका वॅटला एक मीटरवर ९७ डेसिबलच्या खाली असेल तर मी पुढे बघतच नाही. तीन डेसिबल कमी म्हणजे तेवढ्याच आवाजाला दुप्पट ताकद, सहा कमी म्हणजे चौपट. आणि छापलेल्या आकड्यावर डोळे मिटून विसंबू नका. त्याला इतर आकड्यांवरून तपासता येतं. एफएसचा घन करा, लिटरमधल्या व्हीएएसने गुणा, क्यूईएसने (क्यूटीएसचा फक्त विद्युत भाग, तोही कागदावर असतो) भागा आणि ०.०००००००००९६४ ने गुणा. समजा एफएस ४०, व्हीएएस २००, क्यूईएस ०.३५. उत्तर येतं ०.०३५, म्हणजे साडेतीन टक्के कार्यक्षमता, म्हणजे साधारण ९७.७ डेसिबल. अशा ड्रायव्हरवर १०२ छापलं असेल तर ते मधल्या पट्टीतल्या एखाद्या उंचवट्यावरून उचललेलं आहे असं समजा. हे गणित मी दुकानात उभ्या उभ्या फोनवर करतो. विक्रेत्याला आवडत नाही.

गंमत अशी की ज्यांनी मूळ पेटी आखली त्यांच्याकडे हे आकडे नव्हते. थील यांचा निबंध १९६१ चा, स्मॉल यांचं काम सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचं. आधीच्या लोकांनी ड्रायव्हर आणि पेटी ऐकून, मोजून एकमेकांना जुळवली. आपण त्यातला अर्धा भाग बदलतोय, म्हणून हिशोब आपल्या गळ्यात पडतो.

ड्रायव्हर आला की लगेच मोजू नका. दोन-चार तास कमी आवाजात, खालच्या कंपनावर हलू द्या. सस्पेन्शन मोकळं होतं आणि एफएस थोडा उतरतो. मग साउंड कार्ड, एक रेझिस्टर आणि मोजणीचा कुठलाही मोफत प्रोग्रॅम पुरे. व्हीएएस काढायला कोनाच्या मधोमध, टोपीच्या कडेने, मुलांच्या खेळण्यातली माती वजन करून चिकटवायची आणि पुन्हा मोजायचं. पंधरा इंचीला पन्नास ते शंभर ग्रॅम लागते. एफएस साधारण पाव हिस्सा खाली आला की वजन बरोबर. दोन्ही ड्रायव्हर मोजा. एकाच खोक्यातून आलेली जोडी आकड्यांत जुळी असेलच असं नाही.

आता एक गोष्ट, जी रेखाटनात कुठे लिहिलेली नसते. ए-सेव्हनमध्ये वूफर पेटीच्या आतून, बॅफलच्या, म्हणजे ड्रायव्हर बसतो त्या फळीच्या, पाठीला लागतो. म्हणजे ड्रायव्हरची पुढची कड लाकडाला टेकते. वूफर उताणा ठेवा, चौकटीवर स्टीलची पट्टी आडवी ठेवा आणि बघा: कोनाची कड पट्टीच्या खाली किती आहे? नव्या ड्रायव्हरांत ती कधी कधी पट्टीला शिवते. तसाच बसवलात तर जोरात वाजल्यावर कड लाकडावर टकटक आपटेल आणि तुम्ही व्हॉइस कॉइल गेली म्हणून रडत बसाल. पाच-सहा मिलिमीटर प्लायची एक रिंग मध्ये घातली की प्रश्न मिटतो, पण ती रिंग कापणी यादीत आधीच असावी. पंधरा इंची चौकट बाहेरून साधारण ३८८ मिलिमीटर भरते, म्हणून मागची खिडकी त्याहून मोठी हवी. बोल्टांची भोकं आणि छिद्राचा व्यास मात्र हातातल्या ड्रायव्हरवरूनच घ्या. फेराइट चुंबक जड असेल तर त्याखाली आधाराचा ठोकळाही लिहून ठेवा. बोल्टसाठी टी-नट (लाकडात रुतून बसणारा धातूचा नट) वापरा, लाकडात थेट स्क्रू पिळू नका, तिसऱ्यांदा काढल्यावर भोक ढिलं होतं.

वरच्या भोंग्याकडे या. मूळ ८११-बी भोंगा आणि ८०२ ड्रायव्हर यांचा गळा एक इंची आणि डायाफ्राम पावणेदोन इंची, म्हणजे ४४ मिलिमीटर. आज ४४ मिलिमीटरचे एक इंची कॉम्प्रेशन ड्रायव्हर (भोंग्यामागे बसणारे) ढिगाने मिळतात, त्यामुळे काम झालं असं वाटतं. पण मूळ क्रॉसओव्हर, म्हणजे खालचे सूर वूफरला आणि वरचे भोंग्याला वाटून देणारी गाळणी, ८०० हर्ट्झवर आहे, आणि नव्या स्वस्त ड्रायव्हरच्या कागदावर खालची मर्यादा बहुधा १२०० ते १५०० दिलेली असते. जुन्या अॅम्पच्या चाळीस वॅटला जे चाललं ते आजच्या चारशेला चालेलच असं नाही. मग एकतर मोठा डायाफ्राम आणि १.४ इंची गळ्याचा भोंगा घ्या, नाहीतर क्रॉसओव्हर १२०० वर न्या. मी दुसरं करतो, आणि त्यासाठी दोन हजार हर्ट्झपर्यंत सरळ चालणारा वूफर निवडतो. शुद्धतावाद्यांना हे खपत नाही. त्यांच्याकडे मूळ डायाफ्रामचे सुटे भाग असावेत.

भोंगा मागवण्याआधी सांधा पाहा: दोन बोल्ट ७६ मिलिमीटरवर, तीन बोल्ट ५७ वर, की आटेवाला. भोंगा धातूचा असेल तर बोटाने टिचकी मारा. घंटा वाजली तर बाहेरून डांबरी चिकटपट्टीचे थर लागतील.

क्रॉसओव्हरच्या सामानात गाळणीबरोबर आवाज उतरवणारे रेझिस्टरही येतात, हे विसरलं जातं. वरचा ड्रायव्हर १०८ डेसिबलचा आणि खालचा ९८ चा असेल तर वरचा दहाने खाली ओढावा लागतो. आठ ओहमला त्यासाठी ५.५ ओहम ओळीत आणि ३.७ ओहम समांतर. दहा डेसिबल म्हणजे वरच्या वाट्याची नव्वद टक्के ताकद या दोघांत तापून जाणार, म्हणून तारेचे, दहा-वीस वॅटचे घ्या आणि लाकडापासून उचलून बसवा. दोन स्वतंत्र अॅम्पवर चालवणार असाल तरी वरच्या ड्रायव्हरच्या ओळीत एक कपॅसिटर ठेवाच. आठ ओहमला ४७ मायक्रोफॅराड म्हणजे साधारण ४२३ हर्ट्झच्या खालचे सूर अडू लागतात. कोणी चुकून बासची वायर तिथे खुपसली तर डायाफ्राम वाचतो. मूळ ड्रायव्हर बऱ्याचदा १६ ओहमचे असायचे. तुमचे ८ चे असतील तर जुन्या गाळणीचे आकडे जसेच्या तसे उतरवू नका.

लाकडाबद्दल थोडक्यात. मूळ पाऊण इंच म्हणजे १९ मिलिमीटर, आजचा प्लाय १८. बाहेरचं माप पाळायचं की आतलं, ते ठरवा आणि सगळ्या तुकड्यांना तेच लावा. प्लायचं पान बोटाच्या पेराने ठोकत जा, पोकळ थर लगेच कळतो. भोंग्याच्या वळणाऱ्या बाजूंसाठी पातळ प्लायचे थर एकावर एक चिकटवावे लागतात. शिकंजे वाटतात त्याच्या दुप्पट आणा. त्या बाजूंच्या पाठीमागे आडव्या पट्ट्या द्या, नाहीतर त्या स्वतःच गायला लागतात.

पहिल्या दिवशी टेबलावर एक ९ व्होल्टची बॅटरी हवी. क्षणभर वूफरला टेकवून कोन पुढे येतो का बघा. जुन्या जेबीएलमध्ये लाल टोकाला धन दिलं की कोन आत जायचा, त्यामुळे जुनंनवं मिसळणाऱ्यांनी तर बघाच. कॉम्प्रेशन ड्रायव्हरला बॅटरी लावायची नाही. वरचा भोंगा अजून स्क्रूने पक्का करू नका. त्याची वायर उलटी जोडा, मायक्रोफोन समोर ठेवा आणि भोंगा थोडा थोडा मागेपुढे सरकवा. क्रॉसओव्हरच्या जागी खड्डा सर्वांत खोल पडला की तीच जागा, मग वायर पुन्हा सुलटी. ८०० हर्ट्झला पाच सेंटिमीटरचा फरकही बेचाळीस अंशांचा असतो, डोळ्याने कळत नाही.

शेवटी पुन्हा एकदा इम्पीडन्स (वेगवेगळ्या कंपनांना ड्रायव्हरचा विद्युत विरोध) मोजा, आता पेटीत. आलेखात दोन शिखरांमधली दरी ज्या कंपनावर पडते त्याला पेटी सुरात लागली आहे. ती हव्या त्या कंपनाच्या वर असेल तर पोर्टचं तोंड थोडं बुजवावं लागेल, म्हणून उरलेल्या प्लायच्या चार पट्ट्या त्या मापाच्या कापून ठेवा. मागच्या फळीला डिंक लावू नका, फक्त हवा अडवणारी चिकटपट्टी आणि स्क्रू. पोर्टच्या पट्ट्या बसवायला तिथूनच हात घालायचा आहे.