पाठमोरं चित्र: गॅलरीत काम करताना मिश्र माध्यमाबद्दल शिकलेलं

गॅलरीत कामाला लागले त्या दिवशी माझ्या वाट्याला आलेलं पहिलं चित्र पाठमोरं होतं. भिंतीकडे तोंड करून, खाली फोमच्या दोन तुकड्यांवर टेकवलेलं. ते वळवायला मी हात पुढे केला, तर मांडणीचं काम बघणारे दादा म्हणाले, "थांब. आधी मागून वाच."

मागे खरंच वाचण्यासारखं खूप होतं. चित्रकाराची सही आणि वर्ष, वरची बाजू कोणती ते दाखवणारा बाण, आधीच्या दोन प्रदर्शनांच्या चिठ्ठ्या. कोपऱ्यात ताण सैल पडला की ठोकायच्या लाकडी पाचरी, त्यातली एक हरवलेली. खालच्या पट्टीवर ओल लागल्याचा तपकिरी डाग. समोरून ते चित्र निर्दोष दिसत होतं. कलाशिक्षणाची सगळी वर्षं मी चित्रं समोरून पाहिली होती. ती कशी टिकतात, कशी उचलतात, कुठून कमजोर पडतात, हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. समकालीन चित्रकलेत, त्यातही मिश्र माध्यमात, म्हणजे रंगासोबत इतर वस्तू वापरून चित्र करण्यात, उतरणाऱ्यांना मला जे सांगायचं आहे ते इथूनच सुरू होतं: चित्रावर तुम्ही जी वस्तू चिकटवता, तिच्या पुढच्या आयुष्याची जबाबदारीही तुम्ही घेता.

ही परंपरा आता शंभर वर्षांहून जुनी आहे. १९१२ मध्ये पिकासोने वेताच्या खुर्चीची विण छापलेलं मेणकापड कॅनव्हासवर चिकटवलं आणि लंबगोल चित्राभोवती चौकट म्हणून जाड दोर गुंडाळला. त्याच वर्षी त्याचा सहकारी चित्रकार जॉर्ज ब्राकने लाकडाची नक्षी छापलेला भिंतीचा कागद कापून रेखाटनात बसवला. पहिल्या महायुद्धानंतर कुर्ट श्विटर्सने तिकिटं, वेष्टनं, लाकडाच्या चिपा, जे रस्त्यावर सापडेल त्यातून चित्रं रचली आणि या सगळ्या उद्योगाला 'मेर्झ' असं नाव दिलं. 'कोमेर्झ' (व्यापार) या छापील जर्मन शब्दाचा एक तुकडा त्याच्या कोलाजमध्ये आला होता, त्यातून ते नाव निघालं. या तिघांकडून शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे त्यांनी चिकटवलेली वस्तू रंगाला न जमणारं काहीतरी करते. दोर हा दोर म्हणूनच तिथे आहे. नवख्या कामात मला नेमकं हेच कमी दिसतं. बटणं, जाळी, वर्तमानपत्र, सोनेरी पन्नी, सगळं एका पृष्ठभागावर येतं, पण त्यातलं काहीही काढून टाकलं तरी चित्राचं काही बिघडत नाही. तुमच्या चित्रातली एकेक वस्तू मनातल्या मनात काढून बघा. जिच्यावाचून चित्र कोसळतं तेवढीच ठेवा.

मग टिकण्याचा प्रश्न. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातलं लिग्निन नावाचं द्रव्य असतं, त्यामुळे उजेडात तो पिवळा पडतो आणि पुढे ठिसूळ होतो. तुम्हाला तो पिवळेपणा हवा असेल तर हरकत नाही. नको असेल तर मजकुराची प्रत आम्लमुक्त कागदावर काढून वापरा. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, तो हवेतला प्राणवायू घेत हळूहळू घट्ट होतो आणि जाड थराला महिनोन्‌महिने लागतात. म्हणून वाळलेल्या अ‍ॅक्रिलिकवर तैलरंग चालतो, पण तैलरंगावर अ‍ॅक्रिलिक नीट धरत नाही. कालांतराने त्याची सालं निघतात. शाळेत हे वाक्य म्हणून ऐकलेलं असतं. मला ते खरं कळलं ते एका चित्राखालच्या फरशीवरून निळे पापुद्रे चिमट्याने गोळा करताना.

रंगांचंही तेच. मार्क रॉथकोची पाच मोठी भित्तिचित्रं १९६४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या एका भोजनदालनात लागली. खिडक्या मोठ्या आणि ऊन भरपूर. त्याने वापरलेल्या किरमिजी रंगात लिथॉल रेड हे उजेडात न टिकणारं रंगद्रव्य होतं. १९७९ मध्ये चित्रं उतरवून साठवणीत ठेवावी लागली, तोवर त्यांचा मूळ रंग बराचसा गेला होता. २०१४ मध्ये ती पुन्हा दाखवली तेव्हा प्रोजेक्टरमधून मोजून-मापून रंगीत प्रकाश टाकून हरवलेला रंग नुसता भासवला गेला. रॉथकोच्या हातून हे होऊ शकतं तर आपल्याही हातून होईल. त्यावर एक साधी चाचणी मी प्रत्येक नव्या रंगाची, शाईची, कापडाची करते: त्याची पट्टी कागदावर ओढायची, अर्धी जाड काळ्या कागदाने झाकायची आणि उन्हाच्या खिडकीत काही महिने लावून ठेवायची. झाकण काढलं की दोन भागांत फरक दिसतो किंवा दिसत नाही. फेल्ट पेन आणि स्वस्त रंगीत कागद या परीक्षेत फार लवकर नापास होतात.

याचा अर्थ नाजूक वस्तू वापरूच नका असा नाही. अ‍ॅन्सेल्म कीफरने १९८१ च्या 'मार्गारेटे' या चित्रात सोनेरी केसांच्या जागी खरं गवती काड लावलं. मार्गारेटे ही नाझींनी केलेल्या ज्यूंच्या नरसंहारावरच्या पॉल सेलानच्या कवितेतली. काड झिजणार, गळणार, आणि त्या विषयाला ते शोभतं. ईव्हा हेसीने लेटेक्स वापरलं, आणि तिची त्या माध्यमातली कामं आज काळवंडून कडक झाली आहेत. क्षय हा तुमचा निर्णय असू शकतो, फक्त तो निर्णय असायला हवा. आणि मग गॅलरीला लेखी सांगायला हवं: हे गळेल, गळू द्या, किंवा गळालं तर असं भरा.

कधी वस्तू कायद्यात अडकते. रॉबर्ट रॉशनबर्गने १९५९ च्या 'कॅनियन'मध्ये पेंढा भरलेला गरुड बसवला. तो बाल्ड ईगल निघाला, आणि अमेरिकेत त्या पक्ष्याची खरेदी-विक्री कायद्याने बंद आहे. मालकीणबाईंच्या मृत्यूनंतर वारस म्हणाले, विकता येत नाही म्हणजे याची किंमत शून्य. करखात्याने ती साडेसहा कोटी डॉलर धरली. शेवटी २०१२ मध्ये कलाकृती न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयाला दान झाली तेव्हा तो वाद मिटला. पिसं, शिंपले, हाडं, कातडी वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. परदेशी प्रदर्शनाला पाठवताना सीमाशुल्काच्या टेबलावर असं काम अडकतं.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते, कारण ती टाळणं अगदी सोपं आहे. पहिल्या समूह प्रदर्शनासाठी मी माझं अ‍ॅक्रिलिकचं चित्र बबल रॅपमध्ये गुंडाळलं, फुगे आतल्या बाजूला. गाडी दोन दिवस उन्हात होती. उघडलं तर गुळगुळीत निळ्या भागावर ओळीने गोल ठसे. अ‍ॅक्रिलिक हे शेवटी प्लास्टिक आहे, उष्णतेने ते मऊ होतं, आणि दाब असेल तर जे लागेल त्याचा छाप घेतं. ते चित्र लागलं नाही, भिंतीवरची माझी जागा रिकामी राहिली आणि मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून रंगाला आधी ग्लासीन किंवा सिलिकॉन कागद, मग फुगे बाहेर ठेवून बबल रॅप, मग कडक पुठ्ठा. उठावाचं काम असेल तर पृष्ठभागाला काहीही लागू न देणारी खोल पेटी.

काम पोचलं की गॅलरीत स्थितीनोंद होते, म्हणजे ते कुठे खराब झालंय का हे पाहून लिहून ठेवतात. ही नोंद लिहायला शिकलात तर कुठल्याही गॅलरीत तुम्हाला कामाला जागा आहे. आधी सरळ उजेडात पाहायचं, मग खोलीतला दिवा कमी करून टॉर्च एका बाजूने, जवळजवळ पृष्ठभागाला समांतर धरायचा. तिरक्या उजेडात फुगवटे, भेगा, सुटलेल्या कडा लगेच सावली टाकतात. जे दिसेल ते जागेसकट लिहायचं: "डावा खालचा कोपरा, कडेपासून ४ सें.मी., कागदाची कड उचललेली, लांबी साधारण १ सें.मी." 'किरकोळ नुकसान' असं लिहू नका, त्यातून काहीच कळत नाही. फोटो घ्या, तारीख घाला. काम परत जाताना हेच सगळं पुन्हा.

चिठ्ठीवर नुसतं 'मिश्र माध्यम' लिहिलं की मला हळहळ वाटते. पाहणाऱ्याला त्यातून काय मिळतं? "अ‍ॅक्रिलिक, कोळसा, वापरलेल्या गोणपाटाचे तुकडे आणि तांब्याची तार, कॅनव्हासवर" असं लिहिलं तर तो पुन्हा चित्राजवळ जाऊन तार शोधतो. उद्या दुरुस्तीची वेळ आली तर दुरुस्त करणाऱ्यालाही हीच ओळ उपयोगी पडते. माप आधी उंची, मग रुंदी, मग खोली, आणि मिश्र माध्यमात खोली विसरायची नाही.

चित्र भिंतीवर लावण्याबद्दल थोडक्यात. बहुतेक ठिकाणी चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५५ सें.मी.वर येतो, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेच्या आसपास. कागदावरच्या कामाला संग्रहालयं साधारण ५० लक्स (प्रकाश मोजायचं एकक) इतकाच प्रकाश देतात, तैलचित्राला त्याहून बराच जास्त चालतो. पण नियमापुढेही पाहायला शिका. घानात जन्मलेले आणि नायजेरियात दीर्घकाळ काम केलेले एल अनात्सुई बाटल्यांची पत्र्याची झाकणं तांब्याच्या तारेने जोडून भिंतभर पडदे बनवतात, आणि ते कसे लावायचे, घड्या कुठे पाडायच्या, हे बऱ्याचदा लावणाऱ्यांवर सोडतात. एकच कलाकृती प्रत्येक ठिकाणी वेगळी दिसते. भिंतीवर चढवणारे हातही त्या कामात सामील होतात.

तुमचं स्वतःचं काम घेऊन गॅलरीकडे जायचं असेल तर आधी त्यांची तीन-चार प्रदर्शनं नीट पाहा. अमूर्त रंगलेपन दाखवणाऱ्यांना कथनात्मक कोलाज पाठवण्यात दोघांचाही वेळ जातो. बारा-पंधरा कामं पुरतात, तीही एकाच विचारातून आलेली. फोटो सपाट उजेडात एक आणि बाजूने एक, म्हणजे पोत कळेल. निवेदन अर्धं पान, काय केलं आणि का केलं एवढंच. काम ठेवून घेतलं तर करार लेखी हवा. विक्रीचा निम्म्याच्या आसपास वाटा गॅलरीचा असणं सर्रास चालतं, ऐकून दचकू नका. पण पैसे विक्रीनंतर किती दिवसांत मिळतील, वाहतूक कुणाची, विमा कुणाचा, न विकलेलं काम कधी परत, सवलत दिली तर ती कुणाच्या वाट्यातून, हे सगळं कागदावर असू द्या. चित्र विकलं तरी त्याच्या प्रतिमेचे हक्क, लिहून दिले नसतील तर, बहुतेक देशांत चित्रकाराकडेच राहतात. हेही त्याच कागदात स्पष्ट करून घ्या.

अजून कुणी दाखवायला तयार नसेल तर प्रदर्शन उतरवायच्या दिवशी गॅलरीत जा. उद्घाटनाला गर्दी असते, त्या दिवशी माणसं कमी पडतात. अंगठी, घड्याळ, गळ्यातली ओळखपत्राची दोरी काढून ठेवा. सुती हातमोजे नकोत, खडबडीत पृष्ठभागात त्यांचे धागे अडकतात. नायट्रिलचे, म्हणजे पातळ कृत्रिम रबराचे, न्या. "सांगाल ते करेन" एवढंच म्हणा. मला तरी त्या दिवशी कुणी दारातून परत पाठवलेलं नाही.