दहा मीटर एअर रायफल: निवड आणि जुळवणी

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळवले. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यासाठी २०२४ साल उजाडावे लागले, आणि ते पदक रायफल नेमबाजीतले होते. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात ते जिंकले. त्याआधी कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे विश्वविजेतेपद मिळवून या भागात हा खेळ रुजवला होताच. आता सातारा, कराड, इस्लामपूर, सांगली, मिरज या पट्ट्यातही मुलाला किंवा मुलीला एअर रायफल घेऊन देण्याचा विचार करणारे पालक बरेच दिसतात, आणि त्यांचा पहिला प्रश्न बहुधा कोणत्या कंपनीची रायफल घ्यावी हाच असतो. माझ्या मते हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकावर असायला हवा. रायफल मुलाच्या अंगाला बसते का, आणि तिला लागणारी कोरडी हवा व चांगले पेलेट, म्हणजे शिशाचे छोटे छर्रे, आपल्या गावात नियमित मिळतील का, हे दोन प्रश्न त्याच्या आधी येतात.

प्रथम कायद्याची बाजू पाहू. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ज्या हवेच्या बंदुकीची नळी ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटरपर्यंत आहे आणि जिची ऊर्जा २० जूलच्या आत आहे, तिला परवाना लागत नाही. विक्रेता मात्र खरेदीदाराच्या ओळखीची व पत्त्याची कागदपत्रे घेतो आणि ती द्यावीत. स्पर्धेच्या रायफलीतून सुटणारा अर्ध्या ग्रॅमहून थोडा जड पेलेट सेकंदाला सुमारे १७० ते १७५ मीटर वेगाने जातो. त्याची ऊर्जा आठ जूलच्या आसपास भरते, त्यामुळे ही रायफल मर्यादेच्या बरीच आत राहते. तरीही ती खेळणे नव्हे. जवळून सुटलेला पेलेट डोळा कायमचा निकामी करू शकतो. शेतावरची पाखरे मारण्यासाठी तिचा वापर करणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरू शकते, हे मुलाला पहिल्याच दिवशी स्पष्ट शब्दांत सांगावे.

शालेय स्पर्धांमध्ये एअर रायफलचे ओपन साईट आणि पीप साईट असे दोन गट असतात. ओपन साईटमध्ये नळीवरची उघडी माशी आणि खाच जुळवून नेम धरतात, तर पीप साईटमध्ये मागच्या बारीक छिद्रातून पाहत पुढच्या गोल कड्यात लक्ष्याचा काळा भाग मधोमध आणतात. मुलाने अजून रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, एक हंगामही काढला नसेल, तर काहीही विकत घेऊ नये. क्लबच्या किंवा शाळेच्या रायफलीवर उभे राहणे, श्वास रोखणे आणि ट्रिगर दाबणे ही तीन कामे त्याला आधी शिकू द्यावीत. जवळ रेंज नसेल तर सांगलीकरांना कोल्हापूर आणि सातारकरांना कोल्हापूर किंवा पुण्याचे बालेवाडी गाठावे लागते. हा प्रवास खर्चाचा असला, तरी घाईने घेतलेल्या रायफलीपेक्षा तो स्वस्तच पडतो.

यंत्रणेनुसार या रायफलींचे तीन प्रकार आहेत. स्प्रिंगची रायफल सर्वांत स्वस्त असते. तिच्यातला दट्ट्या पुढे धावताना रायफल हादरते, त्यामुळे नेम शिकवण्यासाठी ती चालते, पण पुढच्या पायरीवर अपुरी पडते. जुन्या क्लबांमध्ये दिसणारी फाईनवेर्कबाऊ ३००एस ही स्प्रिंगचीच असली, तरी तिची रचना धक्का नेमबाजाच्या खांद्यापर्यंत पोहोचू नये अशी केलेली आहे. ती चांगल्या स्थितीत मिळाली तर आजही शिकण्यास उत्तम आहे. दुसऱ्या प्रकारात बाजूचा दांडा एकदा ओढून हवा दाबतात. तिला बाहेरून हवा भरावी लागत नाही, ही तिची मोठी सोय. परंतु बारा वर्षांच्या मुलाला स्पर्धेतल्या साठ नेमांसाठी तो दांडा साठ वेळा ओढणे जड जाते आणि शेवटच्या वीस नेमांत खांदा थकलेला असतो. तिसरा प्रकार आधीच दाबून भरलेल्या हवेच्या सिलिंडरचा, ज्याला सगळे पीसीपी म्हणतात. आज मोठ्या स्पर्धांमध्ये वाल्थर, फाईनवेर्कबाऊ, अनशुट्झ, स्टायर अशा युरोपीय कंपन्यांच्या पीसीपीच दिसतात आणि त्यांची किंमत दोन लाखांच्या पुढे जाते. देशी बनावटीच्या पीसीपी बऱ्याच कमी किमतीत मिळतात. जिल्हा आणि विभाग पातळीपर्यंत गुण अडतात ते रायफलीमुळे क्वचितच, म्हणून पहिली स्वतःची रायफल देशी घेण्यात मला काहीच कमीपणा वाटत नाही.

आता अंगाला बसण्याचा मुद्दा, ज्यावर सर्वांत जास्त वेळ द्यावा. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार रायफलीचे वजन साडेपाच किलोच्या आत हवे, पण हा आकडा प्रौढांसाठी आहे. वाढत्या वयाच्या मुलाच्या कमरेवर आणि पाठीवर इतके वजन देणे योग्य नाही. साडेतीन ते चार किलोच्या रायफलीपासून सुरुवात करावी आणि वजन पुढे सुट्या भारांनी वाढवावे. त्यानंतर दस्त्याची लांबी तपासावी. मुलाने रायफल खांद्याला लावून मूठ सैल धरली असता तर्जनीचे पहिले पेर ट्रिगरवर सरळ टेकले पाहिजे. बोट ताणावे लागत असेल तर दस्ता लांब आहे, आणि बोट दुमडून आत जात असेल तर तो आखूड आहे. ज्या रायफलीची खांद्याला टेकणारी बटप्लेट, गालाखालचा चीकपीस, मूठ आणि डाव्या हाताखालचा आधार हे चारही भाग सरकवता येतात, तीच घ्यावी, कारण चौदाव्या वर्षी बसवलेली मापे पंधराव्या वर्षी राहत नाहीत.

मापे बसवताना एक क्रम पाळावा. मुलाला रायफलीशिवाय सहज उभे करावे, मान ताठ आणि नजर समोर. मग रायफल त्याच्या चेहऱ्यापाशी आणावी. चेहरा रायफलीकडे न्यायचा नाही. मान पुढे किंवा बाजूला झुकत असेल तर बटप्लेट खाली सरकवावी, साईटखाली उंची वाढवणारे ठोकळे लावावेत आणि चीकपीस त्या प्रमाणात वर घ्यावा. डावे कोपर कमरेच्या हाडावर टेकले पाहिजे. ज्यांचे दंड आखूड आहेत त्यांचे कोपर हाडापर्यंत पोहोचत नाही, म्हणून हाताखालचा आधार खाली वाढवून रायफल वर आणावी. सगळे जुळल्यावर मुलाला डोळे मिटून रायफल धरायला सांगावे, दोन श्वास घेऊ द्यावेत आणि मग डोळे उघडायला सांगावे. मागच्या छिद्रातून पुढचे कडे मान न हलवता मधोमध दिसले, तर चीकपीस बरोबर आहे. रायफल लक्ष्याच्या डावीकडे किंवा उजवीकडे रोखलेली दिसली, तर हाताने ओढू न देता पावले किंचित फिरवायला लावावीत. हे तपासायला अर्धा तास लागतो आणि दुकानात तेवढा वेळ मिळत नाही, म्हणून शक्यतो प्रशिक्षकाला सोबत न्यावे.

त्याच सुमारास मुलाचा प्रबळ डोळा कोणता हेही पाहावे. दोन्ही तळहात पुढे करून मध्ये लहान खिडकी करावी आणि तिच्यातून दूरची एखादी वस्तू पाहावी. सातारकरांना अजिंक्यताऱ्यावरचा मनोरा त्यासाठी सोयीचा. मग एकेक डोळा आळीपाळीने मिटावा. ज्या उघड्या डोळ्याला वस्तू खिडकीतच दिसत राहते, तो प्रबळ. उजव्या हाताच्या मुलाचा डावा डोळा प्रबळ असेल, तर डाव्या डोळ्यापुढे तीस मिलिमीटरपर्यंत रुंदीची पट्टी लावून काम भागते. काही मुलांना मात्र डावखुरी रायफलच सोयीची पडते, आणि हे खरेदीनंतर कळण्यात अर्थ नसतो.

पीप साईटच्या पुढच्या कड्याचा आकार हा बारीक वाटणारा पण महत्त्वाचा भाग आहे. लक्ष्याचा काळा भाग ३०.५ मिलिमीटरचा असतो आणि त्यातला दहा गुणांचा ठिपका केवळ अर्ध्या मिलिमीटरचा. काळ्याभोवती पांढऱ्याची सढळ कडा दिसेल एवढे मोठे कडे नवोदिताला द्यावे. कडे फार घट्ट असले की डोळा परिपूर्ण जुळणीची वाट पाहत राहतो आणि वेळेवर ट्रिगर दाबला जात नाही. स्पर्धेत रायफलीवर दुर्बीण चालत नाही, त्यामुळे ती घेण्याचा खर्च टाळावा. ट्रिगर दोन टप्प्यांचा असावा, म्हणजे आधी सैल सरकून अडणारा आणि मग थोड्या जोराने सुटणारा. एअर रायफलीच्या ट्रिगरला किमान वजनाचे, म्हणजे तो दाबायला लागणाऱ्या जोराचे, बंधन नाही, तरी सुरुवातीला तो अगदी हलका ठेवू नये. शंभर ग्रॅमच्या आसपास ठेवला तर दुसऱ्या टप्प्याची जाणीव बोटाला होते.

पेलेट सपाट तोंडाचे घ्यावेत, कारण ते कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतात. एकाच कंपनीच्या पेलेटांच्या डोक्याचा व्यास ४.४८ पासून ४.५२ मिलिमीटरपर्यंत वेगवेगळा मिळतो, आणि प्रत्येक नळीची आवड निराळी असते. दोन-तीन मापांच्या डब्या आणाव्यात, रायफल पक्क्या आधारात बसवून प्रत्येक डबीतले दहा पेलेट एकाच लक्ष्यावर सोडावेत आणि भोकांचा मिळून झालेला पुंजका बाहेरच्या कडेपासून मोजावा. तो सात मिलिमीटरच्या आत राहिला, तर त्या डबीवरचा लॉट क्रमांक लिहून ठेवून त्याच लॉटच्या आणखी डब्या घ्याव्यात. पेलेट शिशाचे असतात, म्हणून सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये.

पीसीपीसाठी हवा भरणे हा आपल्या भागातला खरा अडचणीचा विषय आहे. सिलिंडर साधारण २०० बार (बार हे दाबाचे एकक) इतक्या दाबापर्यंत भरतात. हातपंपाने ते जमते, पण पावसाळ्यात साताऱ्याच्या पश्चिम भागात हवेतली ओल पंपावाटे सिलिंडरमध्ये जाते आणि आतले भाग गंजतात. त्यासाठी ओल शोषणारी जाळी असलेला पंप घ्यावा, तिच्यातल्या दाण्यांचा रंग बदलला की ते बदलावेत, आणि पंप थांबवत थांबवत चालवावा. क्लबकडे मोठा सिलिंडर असेल तर त्यातून भरणे केव्हाही चांगले. इथे एक इशारा अत्यंत गांभीर्याने देतो. मिरजेत दवाखान्यांमुळे आणि कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत वेल्डिंगमुळे ऑक्सिजनचे सिलिंडर सहज दृष्टीस पडतात, पण रायफलीत ऑक्सिजन कधीही, अगदी एकदाही भरू नये. आतल्या वंगणाशी संयोग होऊन स्फोट होऊ शकतो. रायफलीत कोरडी दाबलेली हवाच भरायची. उन्हाळ्यात जत किंवा आटपाडीकडे प्रवास असेल, तर भरलेला सिलिंडर बंद मोटारीत ठेवून जाऊ नये.

रायफलीवर सगळे पैसे खर्च करून जॅकेटसाठी काहीच न उरणे, ही परिस्थिती वारंवार दिसते. ताठ कापडाचे जॅकेट पाठीला आणि कोपराला आधार देते. त्याच्या कापडाची जाडी नियमाने २.५ मिलिमीटरच्या आत हवी. सपाट तळव्याचे बूट आणि डाव्या हाताचा मोजा यांसह हा संच आधी घ्यावा, कारण साध्या रायफलीवर चांगले जॅकेट घातलेला मुलगा महागड्या रायफलीवर शर्टात उभ्या राहिलेल्या मुलापेक्षा बहुधा अधिक गुण काढतो.

घरी सराव करायचा असेल तर जुन्या वाड्याची लांब पडवी किंवा बंद गोदाम वापरावे, उघडी गच्ची नव्हे. नेमबाज उभा राहण्याच्या रेषेपासून लक्ष्यापर्यंत बरोबर दहा मीटर आणि जमिनीपासून लक्ष्याचा मध्य १.४ मीटर उंचीवर घ्यावा. मागे पेलेट अडवणारी लोखंडी पेटी आणि तिच्यामागे भक्कम भिंत हवी. बाजूच्या दाराला आतून कडी असावी. पेलेट न घालता ट्रिगर दाबण्याचा कोरडा सराव रोज करता येतो आणि त्याचा लाभही मोठा आहे. पीसीपीमध्ये त्यासाठी वेगळी सोय असते, पण स्प्रिंगची रायफल रिकामी उडवू नये, कारण तिचा दट्ट्या आणि वॉशर खराब होतात. रायफल हाताळली जात नसेल तेव्हा नळीतून आरपार जाणारी रंगीत सुरक्षा दोरी घातलेलीच असावी. कृष्णाकाठी राहणाऱ्यांनी जून ते सप्टेंबर या काळात रायफल, जॅकेट आणि पेलेट वरच्या मजल्यावर कुलुपात ठेवावेत. २०१९ आणि २०२१ च्या पुरात तळमजल्यावरच्या कपाटांचे काय झाले, ते सांगलीत नव्याने सांगायला नको.

वापरलेली पीसीपी घेणे हा अनेकांसाठी योग्य मार्ग आहे, कारण वरच्या पातळीवर गेलेले नेमबाज आपली जुनी रायफल विकतात. तिथे रंग किंवा ओरखडे न पाहता सिलिंडरवर कोरलेली तारीख पाहावी. अशा सिलिंडरचे आयुष्य सामान्यतः दहा वर्षे धरले जाते, आणि मुदत संपलेल्या सिलिंडरसह स्पर्धेत उतरता येत नाही. नव्या सिलिंडरची किंमत सौद्यातून वजा करावी. भरलेला सिलिंडर एक रात्र तसाच ठेवून सकाळी दाब उतरला आहे का ते पाहावे. मूळ पेटी, मापे बदलण्याच्या किल्ल्या, हवा भरण्याचा जोड आणि खरेदीची पावती सोबत मागावी, आणि विक्रीचा व्यवहार दोघांच्या ओळखपत्राच्या प्रतींसह लेखी करावा. हेच कागद, तारखा आणि किल्ल्या पुढे आपल्या मुलाची उंची वाढून रायफल विकायची वेळ येईल तेव्हा पुढचा खरेदीदारही मागणार असल्यामुळे ते पहिल्या दिवसापासून एका पिशवीत घालून त्याच पेटीत ठेवावेत.