दिवेलागणीची प्रार्थना : अँग्लिकन रीतीची सायंप्रार्थना घरी कशी करावी

प्रार्थनेला बसलं की शब्दच सुचत नाहीत, असं चर्चमध्ये मला अनेकांनी सांगितलं आहे. दिवसभर राबून घरी आलेल्या माणसाला तर ते सुचणारच नाहीत. अँग्लिकन परंपरा, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडमधून आलेली ख्रिस्ती रीत, अशा माणसाला म्हणते : शब्द आधीच मांडून ठेवले आहेत, तू फक्त वेळेवर येऊन बस.

ही मांडणी सोळाव्या शतकातले कँटरबरीचे आर्चबिशप थॉमस क्रॅनमर यांची. मठांमध्ये दिवसरात्रीत आठ वेळा लॅटिनमध्ये प्रार्थना होत आणि बायबलच्या स्तोत्रसंहितेतली दीडशे स्तोत्रं आठवडाभरात म्हणून व्हायची. शेतात राबणाऱ्याला हे कुठून जमणार? क्रॅनमर यांनी १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात आठांच्या दोनच केल्या, सकाळची आणि संध्याकाळची. भाषा लोकांची घेतली आणि स्तोत्रं महिनाभरावर पसरली. १६६२ च्या पुस्तकाने तर पाळकाला सांगितलं की चर्चमध्ये प्रार्थना सुरू करण्याआधी घंटा वाजवावी, म्हणजे गावाला कळेल. १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा इथले अँग्लिकन तिच्यात सामील झाले. त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच मंडळ्यांना ही रीत परकी नाही.

सुरुवात संध्याकाळपासून करा. सकाळी डबे, शाळा, लोकल यांत वीस मिनिटं काढणं कठीण जातं. जागा आणि वेळ ठरवून टाका. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, आणि प्रार्थनापुस्तक जवळ असलं की झालं.

आधी क्षणभर गप्प बसा आणि दिवसात जे चुकलं ते मनात न लपवता देवापुढे कबूल करा. त्यानंतरचे पापक्षमेचे शब्द दीक्षित पाळकाने उच्चारायचे असतात. घरी ते वगळून क्षमेसाठी विनंती करावी. मग प्रभूची प्रार्थना, आणि ५१ व्या स्तोत्रातली ती मागणी : प्रभू, माझे ओठ उघड.

आता स्तोत्रं. माझ्या मते सगळ्या प्रार्थनेचा जीव इथेच आहे. कोणतं म्हणायचं हे तारीख ठरवते. पहिल्या तारखेला संध्याकाळी ६ ते ८, दुसरीला १२ ते १४, तिसरीला एकटं लांबलचक १८ वं, चौथीला २२ आणि २३. पूर्ण तक्ता प्रार्थनापुस्तकात मिळेल. तो बघून आपल्या शास्त्राच्या समासात पेन्सिलीने तारखा लिहून ठेवा. महिना ३१ दिवसांचा असेल तर शेवटच्या दिवशी ३० तारखेचीच पुन्हा म्हणायची.

म्हणायची म्हणजे मोठ्याने. बहुतेक ओव्यांचे दोन भाग असतात, दुसरा भाग पहिल्याला उत्तर देतो किंवा तेच वेगळ्या शब्दांत सांगतो. त्या दोहोंच्या मध्ये एक श्वासभर थांबा. ही छोटी थांबणी वगळली की स्तोत्र बातमीसारखं वाचून होतं. घरात दोघं असाल तर एकाने एक ओवी, दुसऱ्याने पुढची, अशी आळीपाळीने म्हणा. माझी आई चष्मा न लावता २३ वं म्हणायची आणि मधल्या थांब्याला डोळे मिटायची. थांबायचं कसं, हे मी तिच्याकडून शिकलो. प्रत्येक स्तोत्राच्या शेवटी म्हणायचं : पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांना महिमा.

काही स्तोत्रं जड जातील. २८ तारखेच्या संध्याकाळी १३७ वं येतं, त्याच्या शेवटी भयंकर सूड आहे. मी ते गाळत नाही. आज मला तसं वाटत नसेल, पण कुणाचं तरी घर आज उद्ध्वस्त झालेलं आहे, आणि तो आक्रोशही देवापुढे जायला हवा.

पुढे जुन्या करारातला एक उतारा, त्यावर येशूची आई मरिया हिचं स्तुतिगीत (लूक १:४६-५५). मग नव्या करारातला उतारा, त्यावर म्हाताऱ्या शिमोनाचं गीत (लूक २:२९-३२). ही दोन गीतं रोज तीच असतात, महिन्याभरात पाठ होतात. इंग्लंडच्या कॅथेड्रलांमध्ये इव्हनसाँगला, म्हणजे गाऊन केलेल्या सायंप्रार्थनेला, गायकवृंद हीच गातो. मग प्रेषितांचा विश्वासांगीकार, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेचा थोडक्यात कबुलीजबाब, उभं राहून म्हणावा.

शेवटच्या प्रार्थनांमध्ये एक शांतीसाठी आहे, आणि एक रात्रीच्या संकटांपासून राखणीसाठी : प्रभू, आमचा अंधार उजळ. खिडकीबाहेर अंधार पडत असताना ही म्हणून बघा. इथेच आपल्या आजारी, बेरोजगार, दूर गेलेल्या माणसांची नावं घ्यावीत. यादी वहीत ठेवली तर कुणी सुटत नाही.

सुरुवातीला एवढंही जमलं नाही, तर त्या दिवसाचं एकच स्तोत्र, शिमोनाचं गीत आणि प्रभूची प्रार्थना. पाच मिनिटं लागतात. आणि मध्ये चार दिवस खंड पडला तर राहिलेली स्तोत्रं भरून काढत बसू नका. कॅलेंडरवर आज जी तारीख आहे तिचंच पान उघडा.