स्क्रीनवर वर्तुळ लंबगोल दिसतंय? या चुका टाळा

एका लोगोवर काम करताना त्यातलं वर्तुळ मला आडवं सुटल्यासारखं दिसत होतं. डोळ्यांना गोल वाटेपर्यंत मी फाइलमध्येच त्याची रुंदी कमी करत गेलो. छापून आलं ते उभं अंडं! माझ्या १६:९ (रुंदी:उंची) मॉनिटरवर १०२४×७६८, म्हणजे ४:३ चं रिझोल्यूशन (आडव्या-उभ्या पिक्सेलची, म्हणजे ठिपक्यांची संख्या) लागलेलं होतं आणि मॉनिटर ते ताणून पूर्ण स्क्रीनभर पसरवत होता.

म्हणून आधी चित्राला हात लावू नका, स्क्रीन मोजा. पेंटमध्ये शिफ्ट दाबून धरून वर्तुळ काढा आणि चक्क पट्टी लावा. उंची १५ सेंमी आणि रुंदी २० सेंमी भरली, तर ४:३ चं १६:९ झालंय. दोन्ही सारखी भरली, तर स्क्रीन ठीक आहे, तुमचं चित्रच कुणीतरी ओढलेलं आहे. स्क्रीनशॉट काढून मित्राला विचारण्यात अर्थ नाही. ताणण्याचं काम नंतर होतं, स्क्रीनशॉटमध्ये ते उतरतच नाही. मित्र म्हणणार, 'गोलच तर आहे!'

सगळ्यात जास्त घोळ होतो तो अक्षरं मोठी करण्याच्या नादात. त्यासाठी रिझोल्यूशन उतरवू नका; डिस्प्ले सेटिंग्जमध्ये स्केल १२५ किंवा १५० टक्के करा आणि रिझोल्यूशन 'रेकमेंडेड'वरच राहू द्या. १९२०×१०८० च्या मॉनिटरवर १२८०×७२० लावलं तर वर्तुळ गोलच राहील, पण एका पिक्सेलच्या जागी दीड पिक्सेल भरायचे असतात. अर्धा पिक्सेल आणायचा कुठून? म्हणून कडा पुसट होतात.

यादीत योग्य रिझोल्यूशनच नसेल, तर बहुधा ग्राफिक्स ड्रायव्हर (स्क्रीनवर चित्र दाखवणारा भाग चालवणारं सॉफ्टवेअर) टाकायचा राहिलाय; विंडोज नव्याने टाकल्यावर हे कधीकधी होतं. ड्रायव्हर ठीक असेल, तर केबल किंवा कन्व्हर्टर बदलून पाहा. मॉनिटरची माहिती संगणकापर्यंत पोचली नाही, तर तो अंदाजाने काहीतरी लावतो.

जुना गेम ४:३ मध्येच चालत असेल, तर ग्राफिक्सच्या कंट्रोल पॅनेलमध्ये किंवा मॉनिटरच्या मेनूत 'आस्पेक्ट रेशो' (रुंदी-उंचीचं मूळ प्रमाण राखणारा पर्याय) निवडा, 'फुल स्क्रीन' नको. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या अनेकांना खुपतात. मला पसरट चेहरे जास्त खुपतात.

टीव्ही मॉनिटर म्हणून जोडल्यावर टास्कबार कडेला कापला जातो, तो ओव्हरस्कॅन, म्हणजे टीव्ही चित्र जरा मोठं करून कडा बाहेर टाकतो. टीव्हीच्या पिक्चर साइझमध्ये 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' असं काहीतरी सापडेल.

रेशो ओळखायला रुंदीला उंचीने भागा: १६:९ ला १.७८, ४:३ ला १.३३. १२८०×१०२४ ला ४:३ समजू नका, ते १.२५, म्हणजे ५:४ आहे. ७२०×५७६ च्या डीव्हीडी व्हिडिओलाही भागाकार १.२५ च येतो, पण तो ४:३ किंवा १६:९ मध्येच पाहायचा असतो, कारण त्याचे पिक्सेल चौरस नसतात. तिथे प्लेअरमधला रेशो बदला.