जुनी रोड बाइक: स्टीलची घ्यावी की ॲल्युमिनियमची?

माझ्या भाच्याला दोन जुन्या रोड बाइक जवळपास एकाच किमतीत मिळताहेत. एक स्टीलची, लग (सांध्यांवरच्या धातूच्या बाह्या) लावून जोडलेली, सीट ट्यूबवर (सीटखालच्या उभ्या नळीवर) ‘रेनॉल्ड्स ५३१’ या नावाजलेल्या स्टीलच्या नळ्यांचा स्टिकर. दुसरी जाड नळ्यांची ॲल्युमिनियमची, फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) कार्बनचा. तो राहतो इंदूरच्या लोकमान्य नगरात. रोज सकाळी सुपर कॉरिडॉर, रविवारी सिमरोलच्या पुढे भेरूघाट. इंदुरात हाच प्रश्न मला आणखीही काही जण विचारतात, म्हणून सगळं लिहूनच काढते.

सायकल तुमच्या मापाची नसेल तर पुढचं काही बघूच नका. सीट आणि स्टेम (हँडल धरणारा तुकडा) थोडं मागे-पुढे होतं, फ्रेम होत नाही.

‘स्टील मऊ चालतं, ॲल्युमिनियम हाडं मोडतं’ हे तुम्ही ऐकलं असेलच. ॲल्युमिनियमची घनता स्टीलच्या साधारण एक तृतीयांश आणि ताठपणाही एक तृतीयांशच, म्हणून त्याच्या नळ्या जाड करतात. पण हादरा किती बसणार हे फ्रेमपेक्षा टायरची रुंदी आणि त्यातली हवा जास्त ठरवते. २३ मिलिमीटरचा टायर दगडासारखा फुगवलात तर कुठलीही फ्रेम त्रासच देईल. म्हणून पट्टी घेऊन फोर्कमध्ये आणि मागच्या चेनस्टेजवळ (पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या आडव्या नळ्यांजवळ) जागा मोजा. २८चा टायर बसून दोन्ही बाजूंना तीन-चार मिलिमीटर उरले पाहिजेत. आपल्या ठिगळांच्या रस्त्यांवर मी या एका गोष्टीला धातूपेक्षा जास्त मार्क देते. जुन्या स्टीलच्या सायकलला २७ इंची चाकं असतील तर रिमचा व्यास ६३० मिलिमीटर असतो, आताच्या नेहमीच्या ७००सी चाकांचा ६२२. चाकं बदलायची तर ब्रेकचे रबर चार मिलिमीटर खाली सरकायला हवेत. सरकतात का, ते आधी बघा.

आता स्टीलची सायकल. स्टिकर कुणीही चिकटवू शकतं, म्हणून सीटपोस्ट (सीटची दांडी) काढून व्हर्निअरने मोजा. चांगल्या पातळ नळ्यांच्या फ्रेमला बहुधा २७.२ मिलिमीटरचा पोस्ट बसतो. २६ च्या आसपास निघाला तर नळी जाड आणि साधी असण्याची शक्यता जास्त. पोस्ट निघतच नसेल तर तो स्टीलच्या नळीत घट्ट अडकला आहे. विकणारा म्हणेल, “तेल टाकलं की निघेल.” निघाल्यावर पैसे देईन, असं सांगा. पोस्ट निघाला की टॉर्चने आत बघा. गंज वरून नाही, आतून खातो. सायकल उलटी करून हलवली आणि तपकिरी भुगा पडला तर बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या आसाची जागा) उघडून बघितल्याशिवाय घेऊ नका.

मग हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या पुढच्या आखूड नळीच्या) मागे, खालच्या नळीच्या पोटाखाली बोट फिरवा. समोरून धडकलेल्या फ्रेमला तिथे बारीक सुरकुती येते. डोळ्याला चुकते, बोटाला लागते. फ्रेम सरळ आहे का, हे दोऱ्याने कळतं. मागच्या एका ड्रॉपआउटला (चाकाचा आस बसतो त्या खाचेला) दोरा बांधा, हेड ट्यूबवरून वळवून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणून आणा. सीट ट्यूबपासून दोन्हीकडचं अंतर मोजा. मिलिमीटरभर फरक चालेल. तीन-चार असेल तर मागचा त्रिकोण वाकलेला आहे. पण स्टील जाणत्या हाताला पुन्हा सरळ करता येतं. १२६ मिलिमीटरचा मागचा गाळा (दोन ड्रॉपआउटमधली जागा) १३० करून नवा हब (चाकाचा मधला भाग) बसवता येतो, गिअर टांगतात तो वाकलेला हँगरही वळवता येतो. ॲल्युमिनियमच्या फ्रेमचा गाळा कधीही ताणू नका.

ॲल्युमिनियमला थकवा चढतो. छोटे भारही वर्षानुवर्षं साठत जातात आणि शेवटी वेल्डच्या कडेला तडा जातो. म्हणून ओल्या फडक्याने धूळ पुसून हेड ट्यूबचे वेल्ड, बॉटम ब्रॅकेटभोवतीची जागा, सीट क्लॅम्पची खाच आणि चेनच्या बाजूचा चेनस्टे उन्हात तिरके धरून बघा. रंगावर केसाएवढी रेघ दिसली की नख फिरवा. नख अडकलं तर सायकल परत द्या. रंगाखाली फुगे आणि पांढरी पूड म्हणजे घामाने धातू खाल्ला आहे. कार्बनचा फोर्क असेल तर स्टेम सोडवून स्टीअरर ट्यूब (फोर्कची हेड ट्यूबमधून वर जाणारी नळी) बघाच, उतारावर तुमचा सगळा जीव तिच्यावर असतो.

“आर्गन मार देंगे, पक्का हो जाएगा” म्हणत आर्गन वायूच्या वेल्डिंगने तडा जोडून देणारे इथे भेटतात. सायकलींत वापरतात ते ६०६१ सारखं मिश्र ॲल्युमिनियम वेल्डच्या उष्णतेने मऊ पडतं. कारखान्यात वेल्डनंतर सगळी फ्रेम तापवून ती ताकद परत आणतात. दुकानात ते होत नाही. तडा गेलेली ॲल्युमिनियमची फ्रेम कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका.

भाच्याला मी स्टीलची घे म्हटलं. पोस्ट सहज निघाला, दोरा दोन्हीकडे सारखा आला, २८चा टायर बसतोय. पोस्ट अडकलेला असता तर ॲल्युमिनियमचीच घ्यायला लावली असती, कारण तिच्यातही खोट नव्हती. घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी पोस्टला ग्रीस लाव, चेन मोज (१२ इंचांच्या लांबीत दीड मिलिमीटर जरी वाढली असेल तरी बदल) आणि ब्रेकचे रबर नवे टाक, मगच घाटात उतर, असं त्याला बजावलंय.