एकवीस अंकी संख्येवर सेमिनार घेताय? आधी हे वाचा

एसवायला, म्हणजे पदवीच्या दुसऱ्या वर्षाला, नंबर थिअरीवर (पूर्ण संख्यांच्या गणितावर) सेमिनार घेतलेल्यांसाठी लिहितोय. मूळ संख्या, बाकी, घात हे तुम्हाला येतंच, त्यात वेळ घालवत नाही.

माझी संख्या होती २ चा ६७वा घात वजा १. फ्रेंच गणिती मर्सेनने १६४४ मध्ये ती मूळ आहे असं लिहून ठेवलं, १८७६ मध्ये लुकास या दुसऱ्या फ्रेंच गणितीने ती मूळ नाही हे दाखवलं पण अवयव काही मिळाले नाहीत, ते १९०३ मध्ये अमेरिकेत कोल नावाच्या गणितीने दिले. गोष्ट भारी वाटली म्हणून विषय घेतला आणि अडकलो भलतीकडेच.

मी एक्सेलमध्ये सूत्र टाकलं, उत्तर आलं १४७५७३९५२५८९६७६००००००. अंकांची बेरीज ८४, तिला ३ ने भाग जातो, म्हणजे संख्येलाही जातो! लगेच स्लाइड बनवली. सरांनी बघून एवढंच विचारलं, "सम संख्येतून १ गेला तर शेवटी शून्य येईल का रे?" मला घामच फुटला.

नीट समजून घ्या, कारण इथेच सगळे फसतात. एक्सेल फक्त पहिले १५ अंक दाखवतं, पुढे शून्यं भरतं, आणि चूक झाली असं कुठेच सांगत नाही. खरी संख्या १४७५७३९५२५८९६७६४१२९२७, बेरीज १०९, ३ ने भाग जात नाही. मोबाईलच्या साध्या कॅल्क्युलेटरवरही भरवसा ठेवू नका. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत पूर्ण संख्या अचूक राहते, पण भागाकाराला एकच तिरकी रेघ दिलीत की दशांश येतो आणि शेवटचे अंक परत गेले, म्हणून दोन रेघा द्या, किंवा सरळ टक्क्याचं चिन्ह वापरून बाकीच काढा.

खरं तर कॉम्प्युटर लागतच नाही. ३ ने भागताना २ च्या विषम घाताची बाकी नेहमी २, वजा १ केलं की १, म्हणजे भाग जात नाही, झालं. ७ साठी २ च्या घनाची बाकी १, ६७ म्हणजे ६६ अधिक १, तर बाकी २, वजा १, परत १. यूट्यूबवरच्या 'सात सेकंदांत सातची कसोटी' टाईप ट्रिक्स मला अजिबात पटत नाहीत, त्या का चालतात हे तिथे कुणी सांगत नाही. आणि गाईड निवडताना उत्तर हातात देणारा नको, माझ्या सरांसारखा एक प्रश्न विचारून गप्प बसणारा बघा.

घाबरू मात्र नका, चार दिवसांत मी सगळं परत केलं. या संख्येचा कुठलाही मूळ अवयव १३४ च्या पटीपेक्षा १ ने जास्त असतो, हे कळल्यावर तर मजाच आली. कोलचा १९३७०७७२१ घ्या, १ वजा करा, १३४ ने भागा, बरोबर १४४५५८०. दुसरा अवयव ७६१८३८२५७२८७. या दोघांचा गुणाकार एकदा तरी हाताने करा, आडव्या फुलस्केपवर, हातचे वेगळ्या रंगाने लिहून. मला दोनदा करावा लागला, दुसऱ्यांदा एकवीसच्या एकवीस अंक जुळले.